तीन मिनिटांत न मावलेली रात्र

गोंधळ घालायचा म्हणजे आधी चौक मांडायचा. पाटावर नवं वस्त्र, त्यावर धान्याची रास, कलश, नारळ, विड्याची पानं, भोवती उभे केलेले ऊस, शेजारी तेवती दिवटी. मग संबळावर काठी पडते, तुणतुणं सुरात लागतं, झांज बोलू लागते आणि गोंधळी एकेका दैवताला त्याच्या गावाच्या नावानिशी हाक मारून बोलावतो. तुळजापूरच्या भवानीचे कदमराई गोंधळी असोत की माहूरच्या रेणुकेचे रेणुराई, ही बोलावणी घाईने उरकायची नसते. ज्याचं नाव राहील तो देव रुसेल अशी त्यामागची भावना असते. त्यानंतर आख्यान, मधले संवाद, साथीदाराने घेतलेल्या फिरक्या, पुन्हा गाणं, आणि शेवटी आरती. हे सगळं एका रात्रीचं काम. आता त्याच्या शेजारी ग्रामोफोनची दहा इंची तबकडी ठेवून पाहावी. तिच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचा आवाज मावतो. तेवढ्या वेळात गोंधळ्याचे निम्मे देवसुद्धा चौकात पोचत नाहीत. धाराशिव जिल्ह्याच्या संगीताचा जुन्या ध्वनिमुद्रणांशी असलेला संबंध समजून घ्यायचा तर या दोन मापांतल्या तफावतीपासून सुरुवात करावी लागते.

भारतातल्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास आपण बहुधा शहरांच्या नावांनी सांगतो. 1902 मध्ये फ्रेडरिक गैसबर्ग ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्याला आला, गौहरजानसारख्या कलावंतांचे आवाज त्याने मेणावर उतरवले आणि ते साचे तबकड्या छापण्यासाठी जर्मनीतल्या हॅनोव्हरला गेले. 1908 मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला. पुढे मुंबई-पुण्याच्या बाजारात नाट्यपदं, ख्याल, भजनं, लावण्या, पोवाडे यांच्या तबकड्या खपू लागल्या. या धंद्याला काही गोष्टी गरजेच्या होत्या: कलावंताने मुद्रणाच्या जागी येणं, गाणं तीन-चार मिनिटांत बसणं, आणि कर्ण्यासमोर आवाज नीट उमटणं. मायक्रोफोन येण्यापूर्वी, म्हणजे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत, आवाज कर्ण्यातून थेट कोरणाऱ्या सुईवर जाई. तंबोरा त्यात बुडून जाई, तबला जेमतेम ऐकू येई. संबळासारखं कडक, दाट वाद्य कर्ण्याजवळ आणलं तर गाणाऱ्याला गिळेल आणि लांब ठेवलं तर त्याचा अर्थच संपेल. त्यातून या जिल्ह्यातलं तुळजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात. जेमतेम 45 किलोमीटरवरचं सोलापूर मुंबई इलाख्यात, आणि मधली सरहद्द 17 सप्टेंबर 1948 पर्यंत कायम होती. अशा ठिकाणच्या रात्रभर चालणाऱ्या, घरात आणि देवळात घडणाऱ्या, विधीला बांधलेल्या संगीताला तबकडीच्या साच्यात जागा मिळणं अवघडच होतं.

म्हणून या जिल्ह्याच्या बाबतीत जुनी ध्वनिमुद्रणं शोधून पुन्हा प्रकाशात आणण्याचं काम कोणाचं, हा प्रश्न वेगळ्या तीव्रतेने समोर येतो. माझं म्हणणं असं की हे काम मुळात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचं आहे. संग्राहक, तंत्रज्ञ, ग्रंथपाल यांची मदत त्याला लागतेच. पण निर्णय कानाने घ्यायचे असतात, आणि ज्या संगीताची सूची कोणी केलेली नाही, ज्यावर लेबल नाही, तिथे कान हाच एकमेव दस्तऐवज उरतो.

यावर पहिला आक्षेप संग्राहकांच्या बाजूने येईल आणि तो वजनदार आहे. आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांविषयी जे काही विश्वसनीय ज्ञान आहे ते मोठ्या प्रमाणात संगीतकार नसलेल्या माणसांनी उभं केलं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या 1899 ते 1908 या काळातल्या भारतीय मुद्रणांची सूची तयार केली, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या प्रत्येक तबकडीचा माग काढला. 1990 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’साठी भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी वर्षानुवर्षं झटून संग्राहकांना एकत्र आणलं, नियतकालिक चालवलं. अमेरिकेत हॅरी स्मिथ या चित्रकार-चित्रपटकाराने 1952 मध्ये विसरल्या गेलेल्या 84 व्यापारी तबकड्या निवडून लोकसंगीताचा संच काढला आणि त्यावर गायकांची एक पिढी पोसली. या माणसांचं ऋण मान्य न करता पुढे जाणं कृतघ्नपणाचं होईल. परंतु त्यांच्या हातात काय होतं हेही पाहायला हवं. त्यांच्यासमोर छापील तबकडी होती. तिच्यावर लेबल होतं, क्रमांक होता, कंपनीचा कॅटलॉग कुठे ना कुठे शिल्लक होता, आणि सुरुवातीच्या मुद्रणांत तर कलावंत शेवटी स्वतःचं नावही सांगत असे. कंपनीने एकदा प्रकाशित केलेली गोष्ट ते पुन्हा शोधत होते. जिथे पहिलं प्रकाशनच झालेलं नाही तिथे ही पद्धत उंबऱ्यावर थांबते.

शिवाय लेबल असलेल्या तबकडीलाही संगीतकाराची गरज पडतेच. तबकडीचा वेग मिनिटाला 78 फेरे असं आपण सरसकट म्हणतो, पण जुन्या काळी तो कंपनीनुसार, यंत्रानुसार बराच बदलत असे. समजा एखादं मुद्रण 73 किंवा 74 फेऱ्यांनी झालं आणि आपण ते 78 ने वाजवलं, तर आवाज अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गायल्यासारखा ऐकू येतो आणि लयही तितकीच वाढते. तान अधिक चपळ वाटते, आवाज अधिक कोवळा वाटतो, आणि ऐकणारा त्या गवयाबद्दल चुकीचं मत बनवून मोकळा होतो. त्या गवयाची पट्टी कोणती होती, त्या घराण्यात त्या रागाची लय साधारण कशी असते, वय वाढल्यावर त्याने पट्टी उतरवली होती का, हे सगळं ठाऊक असलेला माणूसच वेग ठरवू शकतो. जुन्या मुद्रणाची डागडुजी इथे गायकीच्या ज्ञानात मिसळून जाते.

मराठी मुलखात अशा संगीतकार-संशोधकांची एक ओळ आहे आणि तिच्याकडे आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही. डॉ. अशोक दा. रानडे स्वतः गायक होते. ‘लोकसंगीतशास्त्र’ लिहिताना त्यांनी लोकसंगीताला शास्त्रीय संगीताच्या पायरीखाली न बसवता त्याची स्वतंत्र कोटी मानली, आणि ‘देवगाणी’, ‘बैठकीची लावणी’ यांसारख्या कार्यक्रमांतून अडगळीत गेलेले गानप्रकार पुन्हा मंचावर गाऊन घेतले. वामनराव देशपांडे यांच्या घरात वाढलेले आणि कुमार गंधर्वांकडे शिकलेले सत्यशील देशपांडे यांनी ‘संवाद फाउंडेशन’ काढून घराण्याघराण्यांतल्या बुजुर्गांना गातं-बोलतं केलं आणि ते सगळं मुद्रित करून ठेवलं. त्यांच्या पद्धतीतली महत्त्वाची गोष्ट अशी की मुद्रण करणारा समोर बसून प्रश्न विचारू शकत होता, गाऊन दाखवून विचारू शकत होता. समोरच्या बुजुर्गाला त्यामुळे अशा गोष्टी आठवत ज्या नुसत्या यंत्रासमोर आठवल्या नसत्या. पुण्यात हार्मोनियमवादक आणि संगीतकार चैतन्य कुंटे यांनी संगीताच्या इतिहासाचं आणि रानडे यांच्या संग्रहाचं काम पुढे नेलं. परदेशातही हा पिंड दिसतो: रॉबर्ट मिलिस हा अमेरिकन संगीतकार भारतात हिंडून जुन्या तबकड्या आणि त्या जपणारी माणसं शोधत राहिला आणि 2015 मध्ये त्यातून ‘इंडियन टॉकिंग मशीन’ हे पुस्तक निघालं. या सगळ्यांच्या आयुष्यक्रमात एक साम्य आहे. ऐकणं, शिकणं, गाणं आणि जपणं या क्रिया त्यांनी वेगळ्या केल्या नाहीत.

आता धाराशिवकडे वळू. या जिल्ह्याचा आवाज एकरंगी नाही. तुळजापूरला नवरात्रात आणि अश्विनी पौर्णिमेला आराध्यांचे मेळे, गळ्यात कवड्यांची माळ, हातात पोत आणि परडी. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडाईची जत्रा, तिथलं चुनखडे वेचणं आणि त्याभोवतीची गाणी. तेरला गोरोबाकाकांच्या समाधीपाशी वारकरी भजन. धाराशिव शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्याचा उरूस आणि कव्वाली. आणि घराघरांत, पिठाच्या गिरण्या येईपर्यंत, पहाटेच्या जात्यावरची ओवी. यातल्या शब्दांची पुस्तकांनी बऱ्यापैकी काळजी घेतली. साने गुरुजींनी आणि सरोजिनी बाबरांनी ओव्या जमवल्या, प्रभाकर मांडे यांनी मराठवाड्यातल्या लोकगायकांची परंपरा धुंडाळली, रा. चिं. ढेरे यांनी तुळजाभवानीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हे काम डोंगराएवढं आहे. मात्र पुस्तकात ओवीचे शब्द येतात. ओढून घेतलेला श्वास, जात्याच्या घरघरीवर तोललेली लय, तिसऱ्या चरणाला दुसरीने उचललेला सूर ही सगळी ओवीच असते आणि ती कागदावर येत नाही. ही उणीव ओळखून हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी पुण्यातून जे काम उभारलं त्याला तोड नाही. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल त्यांच्यासोबत आले आणि ओव्यांचा आवाज मुद्रित होऊ लागला. हे बेल संगणकतज्ज्ञ खरे, पण त्याआधी जेम्स किप्पेन यांच्याबरोबर तबल्यातल्या ‘कायदा’ या रचनाप्रकाराचा विस्तार संगणकाला शिकवण्यात त्यांनी बरीच वर्षं घातली होती. ओवीच्या मुद्रणाकडे ते लयीचा विचार करणाऱ्या माणसाच्या कानाने पाहत होते. 2004 मध्ये पॉइटव्हॅं आणि 2010 मध्ये राईरकर गेले. पुढे ग्रामीण भारतावरच्या ‘पारी’ या संकेतस्थळाने हा संग्रह हाती घेतला, पुन्हा त्या गावांत जाऊन गाणाऱ्या बायांना भेटून ओव्या लोकांसमोर आणल्या.

जात्याला जे भाग्य लाभलं ते संबळाला त्या प्रमाणात लाभलं नाही. गोंधळाचा आवाज जिथे सर्वाधिक टिकून असण्याची शक्यता आहे ती जागा म्हणजे कॅसेट. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर खेड्यांत पोचला आणि पहिल्यांदाच मुद्रणासाठी शहरात जाण्याची गरज उरली नाही. लग्नानंतरचा गोंधळ, जत्रेतलं भजन, उरुसातली कव्वाली कोणीतरी घरच्या यंत्रावर भरून ठेवे. या कॅसेटना कॅटलॉग नाही, कंपनी नाही, अनेकदा पाठीवर नुसतं ‘गोंधळ’ किंवा एखाद्या लग्नाचं साल लिहिलेलं असतं. मराठवाड्यातला उन्हाळा पत्र्याच्या पेटीतल्या फितीला सोसत नाही. चुंबकीय थर सुटतो, फीत चिकटते, एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटातल्या तबकडीला शंभर वर्षं होऊनही ती वाजते. चाळीस वर्षांची कॅसेट मात्र आपल्या डोळ्यांदेखत संपते आहे. म्हणून ‘जुनं’ या शब्दाची आपली व्याख्या बदलायला हवी. धाराशिवसाठी 1985 ची फीत हीच 1905 च्या तबकडीच्या तोलाची आहे.

अशी फीत हाती आल्यावर काय करायचं? इथे तंत्रज्ञाचा आक्षेप येतो: वेग ठरवायला गवई कशाला हवा, घरातल्या विजेची गुणगुण 50 हर्ट्झची असते, मुद्रणात ती सापडली की त्यावरून वेग अचूक बसवता येतो. हे तंत्र खरं आहे आणि वापरावंच. पण अंगणात, देवळाच्या ओवरीत, माळावर भरलेल्या जत्रेत टेपरेकॉर्डर सेलवर चालत असे. तिथे विजेची गुणगुण नाही. उलट सेल उतरत गेले की मुद्रणाचा वेग हळूहळू मंदावतो, आणि मग तीच फीत नीट वाजवली की पहाटेचं गाणं मध्यरात्रीच्या गाण्यापेक्षा वरच्या सुरात आणि घाईचं ऐकू येतं. तुणतुण्याचा सूर गोंधळ्याच्या पट्टीला बांधलेला असतो, आख्यानाच्या कोणत्या वळणावर लय वाढवायची आणि कुठे ती धरून ठेवायची हे वाजवणाऱ्याच्या हातात असतं. खरी वाढलेली लय आणि सेलमुळे भासणारी लय यांतला फरक तोच सांगू शकतो. दुसरी अडचण याहून मोठी. फितीचा सळसळाट काढून टाकणाऱ्या प्रणाली, अलीकडच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्याही, उंच पट्टीतला पसरट आवाज हा नको असलेला आवाज मानतात. झांजेचा आवाज नेमका तसाच असतो. सळसळ पुसताना झांज पुसली जाते. चौकाभोवती बसलेल्यांनी दिलेला ‘उदो’चा गजर यंत्राला गर्दीचा गोंगाट वाटतो, पण गोंधळात तो गजर म्हणजे गाण्याचंच अंग असतं, गोंधळी त्याच्यासाठी जागा सोडतो आणि त्याच्यावरून पुढची ओळ उचलतो. गजर कमी केला की गायकाने विनाकारण घेतलेली विश्रांती तेवढी शिल्लक राहते. शिवाय कॅसेटची एक बाजू तीस किंवा पंचेचाळीस मिनिटांनी संपते. कोणीतरी उठून ती उलटेपर्यंत आख्यान पुढे सरकलेलं असतं. मधला तुकडा किती मोठा गेला, कथा कुठून कुठे पोचली, हे जोडून दाखवायला ते आख्यान पाठ असलेलाच माणूस लागतो.

मग गाणारा माणूस निःपक्ष राहील का, अशी शंका कोणी घेईल. घराण्याचा अभिमान, आपल्या वडिलांचा चुकलेला सूर झाकण्याची इच्छा, शेजारच्या फडाचं चांगलं मुद्रण मागे ठेवण्याचा मोह, हे सगळं संभवतं आणि शास्त्रीय संगीतात याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. यावर उपाय माणूस बदलण्याचा नाही, शिस्त लावण्याचा आहे. मूळ फितीची अस्पर्श प्रत वेगळी जपावी, त्यात एकही कात्री लागू नये. प्रकाशित होईल ती दुसरी प्रत, आणि तिच्यात वेग किती बदलला, कुठे काय कापलं याची नोंद सोबत असावी. मग पुढच्या पिढीला आधीच्या कानाशी वाद घालता येईल. पक्षपात नोंदलेला असला की तोसुद्धा माहिती होतो.

परंपरा जिवंत असताना जुनं मुद्रण हवंच कशाला, हा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा बखले यांनी तबकड्या ठेवल्या नाहीत, तरी त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यातून चालत आली. उलट तबकडीने नुकसानही केलं. रंगभूमीवर ‘वन्समोअर’च्या गजरात हवं तितकं फुलणारं नाट्यपद तीन मिनिटांत आवळलं गेलं, आणि घरोघरी लोकांनी ते आवळलेलंच पाठ केलं. एका रात्रीचा गोंधळ मुद्रित करून ‘हा अस्सल’ असा शिक्का मारला तर उद्याचा गोंधळी त्या एका रात्रीचा कैदी होईल, ही भीती रास्त आहे. पण आजची परिस्थितीही डोळ्यांआड करून चालणार नाही. अनेक घरांत गोंधळ आता दोन-तीन तासांत आटोपतो. पाहुण्यांना गाड्या पकडायच्या असतात, सकाळी कामावर जायचं असतं. आख्यानं आखूड होतात आणि जी क्वचित सांगितली जातात ती आधी गळतात. जिवंत परंपरेतून काय गळलं हे तिला आतून कळणं अवघड असतं. जुनी फीत अशा वेळी प्रमाण म्हणून नको, माप म्हणून हवी. आणि एकाऐवजी अनेक फिती हव्यात: त्याच आख्यानाच्या चार गोंधळ्यांच्या चार रात्री शेजारीशेजारी ठेवल्या की अस्सल असं एक काही नसतं हे त्याच सांगतात. डच संशोधक आर्नल्ड बाके यांनी 1938 च्या सुमारास दक्षिण भारतात केलेली मुद्रणं घेऊन 1984 मध्ये नझीर जयराजभाय आणि एमी कॅटलिन त्याच मुलखात गेले, गाणाऱ्यांना ती ऐकवली आणि मधल्या काळात काय बदललं हे त्यांच्याकडूनच समजून घेतलं. सतारीचं शिक्षण घेतलेल्या जयराजभायांना हे सुचलं यात मला नवल वाटत नाही.

मालकीचा प्रश्नही याच कामात येतो. 1957 च्या स्वामित्व कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांनी संपतो. तबकड्यांचं पुनर्प्रकाशन करणाऱ्यांना त्यामुळे वाट मोकळी होते. कलावंताचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क पन्नास वर्षांचा. घरगुती कॅसेटच्या बाबतीत कंपनी नाहीच. फीत ज्याच्या पेटीत आहे तो एक, गायलेला गोंधळी दुसरा, आणि ज्यांच्या घरी कुलदेवतेचा तो विधी झाला ते घर तिसरं. कायदा यातल्या पहिल्या दोघांकडे थोडंफार पाहतो, तिसऱ्याकडे पाहत नाही. देवीला बोलावण्यासाठी गायलेलं गाणं मोबाइलवर कोणीही कुठेही वाजवावं का, याचं उत्तर पुण्या-मुंबईच्या संग्राहकाने परस्पर देणं बरोबर नाही. गोंधळी समाजातला संशोधक असेल तर तो हा प्रश्न विचारायला विसरणार नाही, कारण त्याचं उत्तर त्याला पुढच्या नवरात्रात त्याच घरी तोंडावर ऐकावं लागेल. काही भाग सर्वांसाठी, काही फक्त त्या कुटुंबासाठी, काही विधीच्या दिवसांपुरताच, अशी वाटणी करता येते.

हे सगळं एखाद्या तरुण गोंधळ्याने केवळ हौसेवर करावं अशी अपेक्षा ठेवणं मात्र अन्यायाचं आहे. लगीनसराई आणि नवरात्र हे त्याच्या कमाईचे दिवस. उरलेल्या वर्षात त्याने फिती धुंडाळाव्यात तर त्याला त्या कामाचं वेतन हवं, चांगलं कॅसेट-यंत्र हवं, त्याचं हेड फितीनुसार बारकाईने जुळवायला शिकवणारं कोणी हवं. परभणीच्या राजारामभाऊ कदमांसारख्या गोंधळ्याने ही कला मराठवाड्याबाहेर सन्मानाने नेली, पण सन्मान हा मंचावरचा असतो आणि जतन हे वर्षभराचं काम असतं. धाराशिवमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, आकाशवाणीचं केंद्र आहे, तुळजापूरला राज्यभरातून येणारा भाविक आहे. या तिन्ही ठिकाणी गोंधळ्याला पाहुणा कलावंत म्हणून बोलावलं जाऊ शकतं. त्याला संशोधक म्हणून टेबल-खुर्ची आणि पगार देणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तीच करायला हवी.

गावातल्याच माणसाच्या जपणुकीला संस्थेची जोड मिळण्याची गोष्ट या जिल्ह्याने एकदा घडवून दाखवलेली आहे. तेर, म्हणजे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथाने उल्लेखलेलं तगर, तिथल्या मातीतून निघणाऱ्या सातवाहनकालीन मूर्ती, मणी, भांडी रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं जमवली. त्या वस्तू त्यांच्याच गावच्या होत्या, त्यामुळे कोणत्या शेतात, कोणत्या पांढरीत काय सापडतं हे त्यांना कळत होतं. पुढे तो हजारो वस्तूंचा संग्रह शासनाकडे गेला आणि आज तेरला त्यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय उभं आहे. भाजलेल्या मातीच्या त्या लहानशा आकृत्यांना दोन हजार वर्षं वाट पाहता आली. जिल्ह्यातल्या पेट्यांमध्ये, पोटमाळ्यांवर पडलेल्या फितींना आणखी दहा उन्हाळे निघतील की नाही, सांगता येत नाही. आणि त्यांवरचं आख्यान कोणाचं, कोणत्या पट्टीतलं, उलटताना किती राहून गेलं, हे ऐकून सांगणारी म्हातारी माणसं अजून तुळजापूरच्या आसपास आहेत.